पुलावरचे सर

सरांचं अर्जांशी वैर नव्हतं, अर्जातल्या एका रकान्याशी होतं. 'विषय' असं छापलेलं असतं तिथं माणसानं एक शब्द लिहून मोकळं व्हावं अशी जगाची अपेक्षा असते. सर तिथं अख्खं वाक्य लिहीत. माझ्या पीएच.डी.च्या नोंदणी अर्जावर त्यांनी लिहिलं होतं, 'गोंगाटात दिवस काढणाऱ्या माणसाच्या कानाचं काय होतं, आणि का.' रकाना बोटभर रुंदीचा. वाक्य त्यात मावेना, म्हणून ते समासातून वर चढून शेजारच्या 'जात' नावाच्या रकान्यात घुसलं होतं.

कचेरीतले क्लार्क, एक वयस्कर सुरती काका, अर्ज हातात घेऊन जिना चढून आले. "साहेब, एक ज शब्द लखो ने. फिजिक्स के बायोलॉजी?"

सर म्हणाले, "काका, तुम्ही जेवता ते तोंडानं की पोटानं? एकच शब्द सांगा."

काका हसले आणि अर्ज घेऊन गेले. तो अर्ज वरच्या साहेबांकडून तीनदा परत आला. तीनही वेळा सरांनी तेच वाक्य लिहिलं, दर वेळी थोड्या मोठ्या अक्षरात. चौथ्यांदा तो परत आला नाही, म्हणून आम्ही तो मंजूर झाला असं समजलो.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेतल्या आमच्या संस्थेत पदार्थविज्ञान आणि प्राणिशास्त्र अशा दोन इमारती शेजारी शेजारी होत्या, आणि पहिल्या मजल्यावर त्यांना जोडणारा एक पूल होता. एम.एस्सी. झालेल्या मुलांना दोन्ही शास्त्रं एकत्र शिकवायची, असा वर्ग सरांनी काढला तेव्हा दोन्ही इमारतींनी जागा नाकारली. पदार्थविज्ञानवाले म्हणाले, तुम्ही बेडूक आणाल, वास येईल. प्राणिशास्त्रवाले म्हणाले, तुम्ही तारा आणाल, शॉक बसेल. सरांनी मग पुलाच्याच दोन्ही टोकांना प्लायवूडची दारं ठोकली आणि मधे टेबलं मांडली. ज्याला एका इमारतीतून दुसरीत जायचं असेल त्याला आमच्या वर्गातूनच जावं लागे, आणि जाणाऱ्याला सर एक प्रश्न विचारल्याशिवाय सोडत नसत. दोन्हीकडचे प्राध्यापक हळूहळू जिना उतरून अंगणातून जायला लागले. पाठीमागे ते आम्हाला 'एक ना धड भाराभर चिंध्या' म्हणत. ते सरांच्या कानावर गेल्यावर सर म्हणाले, "गोधडी चिंध्यांचीच होते. यांच्या ताग्याखाली झोपून बघा एकदा."

सर मूळचे अकोल्याकडचे. बुटके, काळेसावळे, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा. त्यांचे नियम विचित्र होते आणि त्यांचं कारण ते सांगत नसत. फोन आला तर उचलायचे नाहीत. "फोनवर शास्त्र होत नाही," एवढंच. त्यांच्याशी बोलायचं तर खिडकीसमोरच्या स्टुलावर बसायचं, आणि मान खाली घालून बोललेलं त्यांना चालत नसे. "तोंड उजेडात ठेव. शास्त्र आहे, चोरी नाही." आम्हाला वाटायचं, म्हातारा आपल्याला धीट बनवतो आहे. खरं सांगायचं तर त्यानं मी धीट झालेही. सुरतेतल्याच नवागाम वस्तीतल्या एका खोलीच्या घरातून, मराठी शाळेतून आलेली मी, इंग्रजी बोलताना चप्पल न्याहाळायची. त्या स्टुलानं माझी मान वर केली.

वर्गाची पहिली रीत अशी, की पदार्थविज्ञानातून आलेल्यानं सहा महिने काहीतरी जिवंत ठेवून दाखवायचं, आणि प्राणिशास्त्रातून आलेल्यानं स्वतःच्या हातानं एक तराजू बनवायचा. मला सहा गप्पी मासे मिळाले. तेव्हा नळाच्या पाण्याला औषधाचा उग्र वास यायचा. मी विचार केला, माझ्या माशांना असलं पाणी कशाला? अशुद्धता काढली की उत्तर बरोबर येतं, हे माझ्या अंगात भिनलेलं. मी प्रयोगशाळेतलं डिस्टिल्ड वॉटर, जे आम्ही बॅटरीत घालतो ते, दोन बाटल्या आणून बरणी भरली. जगातलं सगळ्यात स्वच्छ पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी मासे उलटे तरंगत होते.

सरांनी बरणी उचलून उजेडात धरली. "क्षार नाहीत, हवा नाही, काही नाही. घर स्वच्छ करायचं म्हणून तू यांची चूल, पाणी, धान्य सगळं बाहेर फेकलंस," ते म्हणाले. "ही चूक फक्त पदार्थविज्ञानवालाच करू शकतो. कुठल्याही आईनं केली नसती. वहीत लिही." मी रडत लिहिलं. मग त्यांनी आणखी सहा मासे आणून दिले.

माझ्या दुःखावर हसणारी एकच होती, हेतल. कतारगामची, घरात सगळे भाऊ हिरे घासणारे, ती प्राणिशास्त्रातून आलेली. तिचा तराजू मात्र फार सुरेख झाला होता, हिऱ्यांच्या घरचा हात. त्यावर तिनं एक बेडूक तोलला आणि वजन दशांशाच्या चौथ्या घरापर्यंत लिहिलं. सरांनी वही वाचली आणि बेडकाकडे बोट दाखवलं. बेडकाच्या पायातून पाणी ठिबकत होतं. "प्रत्येक थेंबाला तुझं चौथं घर बदलतंय, आणि तू शाईनं लिहितेस." हेतलचं तोंड एवढंसं झालं आणि माझा मासे गेल्याचा सल जरा कमी झाला.

माझ्या प्रबंधाचा विषय घरातूनच आला. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, अमळनेरजवळच्या गावातून तरुणपणी सुरतेला आले आणि यंत्रमागावर लागले. इथं मागाच्या शेडला खातं म्हणतात. वीस-पंचवीस माग एका पत्र्याखाली, धोटा इकडून तिकडे आपटतो त्याचा आवाज असा की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी पोचत नाही. खात्यातले लोक हातांनी आणि ओठांनी बोलतात. आबा घरी आले की कशालाही 'हो' म्हणायचे. आई म्हणायची, तेल संपलं, तर हो. मी म्हणायची, मी नापास झाले, तर हो. आम्हाला ते लक्ष नसल्याचं वाटायचं. एकदा मी सरांना हे हसत हसत सांगितलं, तर सर हसले नाहीत. म्हणाले, "हो म्हणणं सोपं असतं. नाही म्हटलं तर पुढं ऐकावं लागतं."

त्या रविवारी ते आमच्या घरी आले. आबा संकोचून भिंतीला टेकून उभे. सरांनी जमिनीवर मांडी घातली आणि एकदम वऱ्हाडीत विचारलं, "भाऊ, माले तुमच्या खात्यात घेऊन चालता काय?" आबांचा चेहरा खुलला. सर गेल्यावर ते आईला म्हणाले, "हाऊ मास्तर आपलाच शे. 'माले' म्हनस." खानदेश आणि वऱ्हाड यांच्यात केवढं अंतर, पण परमुलुखात एका 'माले'वर सोयरीक जुळली.

सर खात्यांमधून माझ्या आधीपासून, कित्येक वर्षं हिंडत होते. आवाज मोजायचं यंत्र घेऊन ते तासन् तास मागांमध्ये उभे राहत. मी पहिल्या दिवशी कानात कापसाचे बोळे घालून गेले तर त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. "तू घाल," ते नंतर म्हणाले, "तुझं वय आहे. मी घालणार नाही. यांना कुणी दिलेत?" सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसला माणूस. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं, आता राग येतो.

चाचणी साधी होती. सरांनी जुन्या रेडिओच्या सामानातून एक यंत्र बनवलं होतं. कामगाराच्या कानाला हेडफोन लावायचे, मी बटण दाबलं की त्यात शीळ वाजायची, ऐकू आली की त्यानं बोट वर करायचं. शाळेच्या रिकाम्या खोलीत, सुट्टीच्या दिवशी, एकेक माणूस करत मी सहा महिन्यांत चाळीस जण तपासले. त्यांत आबाही होते. आणि चाळीसच्या चाळीस जणांचे कान उत्तम निघाले.

मी आलेख सरांसमोर ठेवला. मनातून मी खूश होते. आबांचे कान चांगले आहेत, असं माझ्या स्वतःच्या यंत्रानं सांगितलं होतं.

सर म्हणाले, "हे शाळकरी पोरांचे कान आहेत."

"आकडे आहेत सर. तुम्हाला हवे तसे आले नाहीत म्हणून खोटे?" मी त्यांच्याकडूनच शिकलेल्या आवाजात म्हटलं.

"आकडे खरे आहेत. कशाचे आहेत ते शोधू. आबांना बोलाव."

आबा आले, हेडफोन लावून माझ्या समोर बसले. मी बटण दाबलं, बोट वर. दाबलं, बोट वर. अगदी हलक्या शिळेलाही बोट वर. मग सरांनी त्यांच्या मागे जाऊन हेडफोनची तार यंत्रातून उपटली आणि मला खूण केली, चालू ठेव. मी बटण दाबलं. आबांनी बोट वर केलं. पुन्हा दाबलं, पुन्हा बोट. तार सरांच्या हातात लोंबत होती.

मी तार आबांना दाखवली. ते ओशाळले आणि खाली बघत म्हणाले, "तुना हात हालना, का मी बोट वर करस." मग हळूच, "त्या शेठले सांगशी नही ना?"

सगळं त्या दोन वाक्यांत होतं. तीस वर्षं ज्यांनी हात आणि ओठ वाचून काम केलं त्या माणसांना मी समोर बसवलं होतं, आणि माझं बोट टेबलावर उघडं ठेवलं होतं. शिवाय खात्याखात्यांत बातमी पसरली होती की जो नापास होईल त्याला शेठ काढेल. चाळीसही जण पास झाले, कारण नापास होणं त्यांना परवडत नव्हतं. मी आवाज मोजला, यंत्र तपासलं, खोली निवडली. समोर बसलेल्या माणसाला डोळेही असतात आणि भीतीही असते, ते मोजायचं राहिलं. सरांना हे कसं सुचलं, ते विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

सहा महिने पाण्यात गेले. सरांनी खात्यांबाहेरच्या चहाच्या टपऱ्यांवर बसून एकेकाला शब्द दिला, की वहीत नाव येणार नाही, फक्त क्रमांक येईल. लोक पुन्हा आले. या वेळी मी त्यांच्या पाठीमागे बसले. आबांची पाळी आली तेव्हा मी त्यांच्या पांढऱ्या झालेल्या मानेकडे बघत बटण दाबलं. बोट वर आलं नाही. आवाज वाढवला. आलं नाही. आणखी वाढवला. शेवटी जेव्हा ते बोट वर आलं, तेव्हाची शीळ हेडफोन माझ्या मांडीवर असते तरी मला ऐकू आली असती. मी आकडा लिहिला आणि बाहेर जाऊन रडले. मला आईची कीव आली, जिला वाटत होतं नवरा आपलं ऐकत नाही.

प्रबंध झाला. पहिली चार प्रकरणं मागाच्या आवाजाची, पाचवं कानांचं. समितीत दोन्ही इमारतींची माणसं होती. पदार्थविज्ञानाचे ज्येष्ठ प्राध्यापक अध्यक्ष होते, ते म्हणाले, चार प्रकरणं उत्तम आहेत, पाचवं आमच्या शास्त्रात बसत नाही, ते काढा आणि पदवी घेऊन जा. प्राणिशास्त्राच्या बाईंचं मत नेमकं उलट, पण पदवी पदार्थविज्ञानाची होती म्हणून त्या गप्प बसल्या. मुदत पुढच्या बैठकीपर्यंत होती. तोवर प्रकरण निघालं नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे चार वर्षं गेली. एका कॉलेजनं पदवीच्या अटीवर मला नोकरी कबूल केली होती, तीही जाणार. आबांना आता खात्यात अवजड काम झेपत नव्हतं, आणि घरी मिळवती होऊ शकणारी मी एकटीच.

मी पुलावर गेले, ते सरांचं भांडण ऐकायला. या समितीला ते कुठल्या शब्दांत सोलतील याची मला उत्सुकता होती. सर स्टुलावर बसले होते. म्हणाले, "काढून टाक."

मला वाटलं चेष्टा आहे.

"चार प्रकरणांची पदवी घे, नोकरी धर. पाचवं नंतर कुठं तरी छापू. मी हट्ट केला तेव्हा माझी नोकरी पक्की होती. हट्ट परवडावा लागतो. तुला परवडत नाही." एवढं बोलून ते उठले आणि माझ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघायला लागले.

मला इतका संताप आला की मी आयुष्यात कुणावर ओरडले नसेन तशी ओरडले. म्हटलं, चाळीस माणसांना तुम्ही शब्द दिलात. ते भीत भीत पाठ करून बसले ते या चार प्रकरणांसाठी का? पाचवं काढलं तर माझा बाप त्या पुस्तकातून बाहेर जातो, आणि उरतो तो फक्त माग. त्या पदवीला मी आग लावीन. हेतल पलीकडच्या टेबलावर होती, तिच्या हातातली काच खाली पडून फुटली.

सर तसेच उभे होते. मान हलली नाही, खांदा हलला नाही. काच फुटल्यावरही ते वळले नाहीत.

मला फोन आठवला, खिडकीपुढचं स्टूल आठवलं, उपटलेली तार आठवली. कामगार बोटं वाचतात हे त्यांनी ओळखलं, कारण ते स्वतः रोज आमची तोंडं वाचत होते. मी फिरून त्यांच्या समोर गेले, उजेडात उभी राहिले आणि तेच सगळं पुन्हा बोलले, आवाज न चढवता, एकेक शब्द. या वेळी त्यांचे डोळे माझ्या ओठांवरून हलले नाहीत.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"चार वर्षं. थोडं थोडं आधीपासून. कळलं असतं तर हा वर्ग त्यांनी दुसऱ्या दिवशी बंद केला असता. बहिरा मास्तर त्यांना आयताच सापडला असता." त्यांनी फुटलेल्या काचेकडे बघितलं. "तू मघाशी ओरडत होतीस ना? पुलाला हादरा बसत होता. वाटलं, दार आपटतंय."

मग त्यांनी स्वतःच कपाटातून हेडफोन काढून कानांना लावले, माझ्याकडे पाठ करून बसले आणि म्हणाले, "मोज." पाचव्या प्रकरणात क्रमांक एक्केचाळीस म्हणून जो माणूस आहे तो त्या दुपारी मोजलेला. त्याचे कान आबांपेक्षा वाईट होते.

बैठकीच्या दिवशी मी प्रबंध पाच प्रकरणांसकट टेबलावर ठेवला. अध्यक्षांनी शेवटचं विचारलं, "बेन, छेल्ली वार पूछूं छूं. आ प्रकरण काढवानुं छे के नहीं?" मी म्हटलं, नाही. नोंदणी रद्द होईल, ते म्हणाले. मी म्हटलं, माहीत आहे. माझी मान वर होती.

अध्यक्ष सरांकडे वळले, म्हणजे नुसते शब्दांनी वळले. डोकं फायलीत, हात हनुवटीवर. मुलगी हट्टी आहे, पण मार्गदर्शक म्हणून तुमचं मत काय, असं त्यांनी विचारलं. सर गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं, तसंच, फायलीकडे बघत. सगळे सरांकडे बघायला लागले. प्राणिशास्त्राच्या बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. मी टेबलाच्या कडेला हात आणून खात्यातली खूण करायला लागले, तुम्हाला विचारतायत. ती खूण मला आणि सरांना दोघांनाही येत होती आणि त्या खोलीत दुसऱ्या कुणाला कळली नसती. सरांनी माझा हात बघितला आणि मानेनं नको म्हटलं.

ते उभे राहिले.

"मला ऐकू येत नाही," सर म्हणाले. "तुम्ही आता जे काही विचारलंत ते मला कळलेलं नाही. चार वर्षं मी ही गोष्ट या संस्थेपासून लपवली, कारण नोकरीची भीती होती. खात्यातला कामगार जे करतो तेच मी केलं. या पोरीनं ते शोधून काढलं. पाचव्या प्रकरणातला एक्केचाळिसावा माणूस मी आहे. ते प्रकरण काढायचं असेल तर आधी मला या खोलीतून काढा."

अध्यक्षांनी आता डोकं वर केलं होतं. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. प्राणिशास्त्राच्या बाईंनी प्रबंध आपल्याकडे ओढला, पाचवं प्रकरण उघडलं आणि ते वाचत वाचत, मान खाली घालूनच, अध्यक्षांना म्हणाल्या की हे प्रकरण राहील, आणि नाही राहिलं तर माझी सही मिळणार नाही. अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं.

सर अजून उभेच होते. ते माझ्याकडे वळले आणि सगळ्यांदेखत, भल्या मोठ्या आवाजात त्यांनी मला विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"